वणव्याचा खर्च कोणाच्या खात्यावर?

धारवाडहून गोव्याकडे निघालेला रस्ता शहर सोडता सोडता केलगेरीवरून जातो. एके काळी धारवाडची तहान केलगेरीच्या तलावावर भागत असे. आज केलगेरी हुबळी-धारवाड महानगरपालिकेचा भाग आहे आणि या जुळ्या शहरांना पाणी मिळते ते मुख्यतः मलप्रभेवरील, सौंदत्तीजवळच्या रेणुकासागर जलाशयातून. ही मलप्रभा उगम पावते खानापूर तालुक्यातील कणकुंबीला, चोर्ला घाटाच्या माथ्यालगत. त्याच माथ्याचा पश्चिम उतार सत्तरीत उतरतो. म्हादईचा उगमही खानापूर तालुक्यातच, भीमगडच्या रानात. म्हणजे केलगेरीत घरपट्टी भरणारा नागरिक आणि वाळपईचा काजू बागायतदार या दोघांचे पाणी एकाच डोंगररांगेने धरून ठेवले आहे. या रांगेवर फेब्रुवारी ते मे या महिन्यांत दरवर्षी कोठे ना कोठे वणवा पेटतो. तो विझवला जातो किंवा जळण्यासारखे काही उरले नाही की आपोआप विझतो. छायाचित्रे प्रसिद्ध होतात, चौकशीची मागणी होते आणि पहिल्या पावसाबरोबर विषय संपतो. त्या वणव्याने किती रुपयांचे नुकसान केले आणि ते कोणी सोसले, हा प्रश्न घाटाच्या दोन्ही बाजूंना क्वचितच विचारला जातो.

गोव्यात तो विचारला जाण्याची वेळ २०२३ च्या मार्चमध्ये आली होती. ५ मार्च रोजी म्हादई अभयारण्यातील साट्रे परिसरात आग भडकली आणि पुढील दहा-बारा दिवसांत राज्यात सत्तरहून अधिक ठिकाणी वणव्यांची नोंद झाली. नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे दोरखंडाला लटकवलेल्या बादल्यांतून पाणी ओतत होती; खाली वनकर्मचारी, अग्निशमन दलाचे जवान आणि गावकरी हिरव्या फांद्यांनी ज्वाळा झोडपत होते. सरकारी आकडेवारीनुसार जळालेले क्षेत्र सुमारे चार चौरस किलोमीटर भरले. एकट्या म्हादई अभयारण्याचा विस्तार २०८ चौरस किलोमीटर असताना हा आकडा फारसा मोठा नाही, असा निर्वाळा देणे सोपे होते. आग लागली की लावली, यावरच सारी राजकीय चर्चा खर्ची पडली. क्षेत्रफळ मोजले गेले, जबाबदारीवरून शब्दांची देवाणघेवाण झाली. पण सत्तरीच्या किती घरांचा त्या वर्षीचा काजूचा हंगाम बुडाला आणि त्याचा भार शेवटी कोणी उचलला, याचा ताळेबंद जनतेसमोर मांडला गेला नाही.

ही केवळ प्रशासनाची अनास्था म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याकडच्या वणव्यात जे जळते ते कोणाच्याच करपुस्तकात नसते, हे त्यामागचे खरे कारण आहे. त्याची तुलना कॅलिफोर्नियातील पॅराडाइज या गावाशी केली, तर मुद्दा स्पष्ट होतो. नोव्हेंबर २०१८ मधील तेथील वणव्यात ८५ माणसे दगावली आणि गाव व परिसरातील अठरा हजारांहून अधिक इमारती भस्मसात झाल्या. सुमारे २६ हजार वस्तीच्या त्या गावात २०२० च्या जनगणनेत पाच हजारही माणसे उरली नव्हती. नगरपालिकेचा मालमत्ता कराचा पाया एका दिवसात नाहीसा झाला. परंतु नाहीसे झालेले प्रत्येक घर तिच्या दप्तरी नोंदलेले होते, त्याचे मूल्य ठरलेले होते. म्हणूनच ज्या वीज कंपनीच्या वाहिन्यांमुळे आग लागली, तिच्याकडून त्या लहानशा गावाला तडजोडीत २७ कोटी डॉलर मिळू शकले. नुकसान नोंदलेले असले की त्याची मागणी करता येते. सत्तरीत, खानापुरात किंवा दोडामार्गात वणवा सहसा घर जाळत नाही. तो काजूचा मोहर जाळतो, गुरांचे गवत जाळतो, कुंपणाच्या मेढी आणि पाण्याच्या नळ्या जाळतो, पानांचा तो थर जाळतो ज्याने जूनचा पहिला पाऊस शोषून घ्यायचा असतो. यांपैकी कशावरही पंचायत कर घेत नाही. त्यामुळे ते जळाल्याने तिच्या उत्पन्नात एका रुपयाचीही घट दिसत नाही आणि जमाखर्च पाहणाऱ्याला सारे काही सुरळीत आहे असेच वाटते.

काजूचे उदाहरण सविस्तर पाहावे असे आहे. गोव्यात लागवडीखालील सर्वाधिक क्षेत्र काजूचे आहे. ते सुमारे ५५ हजार हेक्टर भरते. हंगाम फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होऊन मे महिन्यापर्यंत चालतो. वणव्यांचे महिनेही नेमके हेच. बी विकली जाते, बोंडू मळले जातात, त्यांच्या रसापासून भट्टीवर आधी हुर्राक आणि मग फेणी उतरते. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि पुढे राज्याचे वारसा पेय म्हणून तिचा गौरवही झाला. या साखळीत बागेचा मालक असतो, बिया वेचणाऱ्या बायका असतात, बोंडू वाहून नेणारा असतो, भट्टीवाला असतो, वाळपईच्या बाजारातील दुकानदार असतो. अबकारी खाते दरवर्षी काजूच्या विभागांची पावणी करते आणि भट्टीचा हक्क बोलीने देते. बोली हंगामाच्या तोंडावर ठरते. त्यानंतर डोंगर पेटला तर बोंडूच्या टंचाईचा फटका बोली लावणाऱ्याला बसतो. पावणीची रक्कम राज्याच्या तिजोरीत जमा होते. ज्या गावच्या डोंगरावर बोंडू पिकतो, त्या पंचायतीकडे त्यातून वणवा रोखण्यासाठी म्हणून काही येत नाही.

भरपाईची तरतूदच नाही, असे म्हणता येणार नाही. राज्याची शेतकरी आधार निधी योजना आहे. केंद्राच्या आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत ‘आग’ हा शब्द आहे आणि २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार बहुवार्षिक पिकांना हेक्टरी २२ हजार ५०० रुपये, तेही कमाल दोन हेक्टरांपर्यंत आणि हानी ३३ टक्के वा अधिक असेल तर, मिळू शकतात. सात मीटर अंतरावर कलमे लावली तर एका हेक्टरात सुमारे दोनशे काजू बसतात. म्हणजे झाडामागे साधारण ११२ रुपये. काजूचे कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळू लागते आणि भरात यायला सात-आठ वर्षे घेते. झाड होरपळले तर बागायतदार एक हंगाम नव्हे, तर अर्धे दशक गमावतो. निकष मात्र एका पिकाच्या खर्चाचा विचार करतो. भात वाहून गेले तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. त्याच चौकटीत काजूला बसवल्याने ही विसंगती निर्माण झाली आहे.

शिवाय ही मदतही ज्याचे नाव कागदावर आहे त्यालाच मिळते. सत्तरीतील जमिनीच्या मालकीचा, विशेषतः मोकासो जमिनींचा प्रश्न मुक्तीनंतर इतकी दशके उलटूनही पुरता सुटलेला नाही. तीन पिढ्या ज्याने काजू राखला, त्याचे नाव एक-चौदाच्या उताऱ्यावर नसणे ही तेथे नवलाईची बाब नाही. अभयारण्याच्या सीमेत आलेल्या बागांचे वनहक्क कायद्याखालील दावेही रेंगाळलेले आहेत. अशा माणसाची बाग जळाली तर तो पंचनाम्याची मागणी करण्यास कचरतो, कारण पंचनाम्यात पहिला प्रश्न ‘जमीन कोणाची’ हा असतो आणि दुसरा ‘आग कोठून आली’ हा. दोन्हींची उत्तरे त्याच्यावरच उलटू शकतात. काजूच्या आधारभूत किमतीचा लाभ विकलेल्या बियांवर मिळतो. जळालेली बी विकली जात नाही. सीमेपलीकडे सिंधुदुर्गात आंबा-काजूसाठी हवामानावर आधारित फळपीक विमा आहे, पण तो अवेळी पाऊस, नीचांकी तापमान अशा हवामानाच्या आकड्यांवर चालतो. आग हे त्याचे कलमच नव्हे. मदतीचे दरवाजे चार दिसतात आणि प्रत्येक दरवाजा वणव्याच्या दिशेने मात्र बंद असतो.

आता पंचायतीकडे वळू. गोव्यातील पंचायतींचे स्वतःचे उत्पन्न मुख्यतः घरपट्टी, बांधकाम परवाने, व्यवसाय परवाने आणि फलकांवरील शुल्क यांतून येते. किनारपट्टीवरील पंचायत या चार बाबींवर समृद्ध होते. ज्या पंचायतीचे निम्मे क्षेत्र अभयारण्यात आहे तेथे बांधकामे नाहीत, हॉटेले नाहीत, फलकही नाहीत. थोडक्यात, जितके रान अधिक तितकी पंचायत दरिद्री. वणव्याशी सामना करण्याची वेळ मात्र नेमकी याच पंचायतींवर येते. केंद्रीय वित्त आयोगाचे अनुदान हा त्यांचा दुसरा आधार. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामीण संस्थांना दिलेल्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधलेली होती. उरलेले ४० टक्के स्थानिक गरजेनुसार वापरता येत असे, परंतु वेतन आणि आस्थापना यांवर नव्हे. जाळरेषा काढणे, म्हणजे वणवा अडवण्यासाठी डोंगरावर मोकळा पट्टा तयार करणे, हे जवळजवळ संपूर्ण मजुरीचे काम आहे. हंगामापुरते दोन राखणदार ठेवणे हाही मजुरीचाच खर्च. काँक्रीटच्या गटाराला मंजुरी मिळते तितक्या सहजतेने या खर्चाला मिळत नाही, कारण गटार मोजता येते आणि न लागलेली आग मोजता येत नाही.

राज्यघटनेतही एक कुतूहलजनक फट आहे. पंचायतींकडे सोपवण्याच्या २९ विषयांची अकरावी अनुसूची सामाजिक वनीकरण आणि गौण वनोत्पादन यांचा उल्लेख करते. आगीचा करत नाही. नगरपालिकांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा स्वतंत्र विषय आहे. या हिशेबाने केलगेरीच्या गवताळ माळावरील आग कागदोपत्री तरी महानगरपालिकेच्या विषयात येते, कणकुंबीच्या रानातील आग तेथील ग्रामपंचायतीच्या विषयात येत नाही. प्रत्यक्षात गोवा आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांत अग्निशमन दल राज्य सरकारच चालवते, त्यामुळे शहरालाही हा अधिकार नावापुरताच आहे. पण घटनाकारांच्या नव्हे, तर १९९२ च्या दुरुस्त्या लिहिणाऱ्यांच्या मनात आग म्हणजे इमारतीची आग होती, इतके यावरून दिसते.

कायदा मात्र गावकऱ्याला विसरलेला नाही. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ७९ नुसार राखीव वा संरक्षित वनात हक्क असणाऱ्यांवर आणि लगतच्या गावातील संबंधितांवर वणव्याची खबर देण्याचे आणि तो विझवण्यास साहाय्य करण्याचे बंधन आहे. मोबदल्याची भाषा तेथे नाही; हे कर्तव्य आहे. त्याच कायद्याचे कलम २६ याहून पुढे जाते. राखीव वनात आग हेतुपुरस्सर वा घोर निष्काळजीपणाने लागली असेल, तर दोषीला शिक्षा होवो वा न होवो, राज्य सरकार त्या वनातील चराईचे आणि वनोत्पादनाचे सारे हक्क ठरावीक काळ स्थगित करू शकते. एकाने काडी टाकायची आणि गावाची गुरे उपाशी राहायची, असा हा सामूहिक दंड. वसाहतकाळातील वनखात्याला इमारती लाकडाचा महसूल राखायचा होता, तेव्हा ही तरतूद त्याच्या दृष्टीने सुसंगत होती. आज तिचा परिणाम उलटाच होतो. आग प्रथम पाहणारा माणूस तिची वर्दी देण्यापूर्वी दोनदा विचार करतो आणि वणव्याच्या बाबतीत पहिला अर्धा तासच काय तो महत्त्वाचा असतो.

आता राज्याच्या पातळीवरचा पैसा. येथे चित्र अधिकच विचित्र आहे. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा ठरवताना वने आणि पर्यावरण या निकषाला दहा टक्के भारांक दिला. चौदाव्या आयोगात वनाच्छादनाचा निकष साडेसात टक्के होता. म्हणजे रान राखल्याबद्दल राज्याला पैसा मिळतो, हे तत्त्व मान्य झालेले आहे. परंतु हा पैसा राज्याच्या एकत्रित तिजोरीत येतो आणि तेथून त्याला रानाच्या गावाकडे जाणारी वाट नाही. दुसरे असे की, हा निकष घनदाट आणि मध्यम घनदाट वनाचे क्षेत्र मोजतो. सह्याद्रीतील बहुतेक वणवे जमिनीलगतचे असतात. झुडपे, रोपे, पालापाचोळा जळतो आणि वरचे छत्र बरेचसे शाबूत राहते. उपग्रहाला वरून छत्र दिसते. त्यामुळे वणवा येऊन गेला तरी राज्याचा वाटा कमी होत नाही आणि वणवा रोखला तरी तो वाढत नाही. वित्तसचिवाच्या टेबलावर वणव्याची खूण उमटतच नाही.

वनाच्छादनाचा आकडा तरी काय सांगतो? भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात गोव्याचे वनाच्छादन २,२४४ चौरस किलोमीटर, म्हणजे भौगोलिक क्षेत्राच्या साठ टक्क्यांहून अधिक होते. या गणनेत एक हेक्टरहून मोठे आणि दहा टक्क्यांहून अधिक छत्र असलेले कोणतेही वृक्षाच्छादन धरले जाते, मालकी कोणाचीही असो. नोंदलेले वनक्षेत्र याहून पुष्कळच कमी आहे. अर्थात ज्या हिरव्या नकाशाचा राज्याला अभिमान आहे, त्यात खासगी काजूबागांचा मोठा हिस्सा आहे. मोजताना बाग ‘वन’ ठरते. जळाल्यावर मात्र ती ‘खासगी मालमत्ता’ होते.

केंद्राची वणवा प्रतिबंध व व्यवस्थापन योजना आहे. केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के या प्रमाणात तिचा निधी वनखात्याकडे येतो. अलीकडे राष्ट्रीय आपत्ती शमन निधीतून १४४ जिल्ह्यांसाठी सुमारे ८१९ कोटींची वणवा जोखीम योजनाही मंजूर झाली. तिच्या १९ राज्यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र आहेत. या योजना निरुपयोगी नाहीत. पण त्यांचा पैसा खात्याच्या उतरंडीतून खाली येतो आणि खात्याची हद्द जेथे संपते तेथे संपतो. आगीला हद्द ठाऊक नसते. उपग्रहाच्या सूचनाही तशाच. ज्या संवेदकावर आज मुख्यतः भिस्त आहे, त्याचा एक ठिपका ३७५ मीटर लांबी-रुंदीचा, म्हणजे सुमारे १४ हेक्टरांचा असतो. अर्ध्या हेक्टराची काजूबाग त्या ठिपक्यात कोठे आहे, हे गावच्या माणसालाच सांगता येते.

आग लागते का, याचेही आर्थिक उत्तर आहे आणि ते गुन्हेगारीच्या चर्चेत हरवते. काजूच्या बिया जमिनीवर पडतात आणि तेथून वेचल्या जातात. त्यासाठी हंगामापूर्वी झाडाखालचे रान साफ करावे लागते. पूर्वी घरची माणसे हे काम करत. आता तरुण मंडळी वेर्णा, पिळर्णच्या कारखान्यांत किंवा त्याहूनही दूर गेली आहेत आणि रोजंदारीवर माणूस मिळाला तर त्याची मजुरी बियांच्या भावात परवडत नाही. अशा वेळी पालापाचोळा गोळा करून काडी लावणे हा सर्वांत स्वस्त मजूर ठरतो. बहुतेकदा ती आग आवरली जाते. एखाद्या दुपारी वारा फिरतो आणि आवरली जात नाही. कुमेरी शेती करणाऱ्यांच्या पिढ्यांना आग केव्हा, कोणत्या उतारावर आणि कोणत्या प्रहरी लावावी याचे ज्ञान होते. ते लयाला गेले आणि काडी तेवढी उरली. तेव्हा सफाईसाठी यंत्र आणि मजुरीचे साहाय्य देणे हा शेती खात्याचा खर्च दिसत असला, तरी तो वणव्याचाच प्रतिबंध आहे. हेलिकॉप्टरच्या एका फेरीपेक्षा तो निश्चितच स्वस्त पडेल. मात्र तो जानेवारीत करावा लागतो, जेव्हा कोठेही धूर दिसत नसतो.

डोंगराखाली राहणाऱ्यांचे या साऱ्यात काय जाते? त्यांचे पाणी जाते, पण सावकाश. पालापाचोळ्याचा थर नाहीसा झालेल्या उतारावर जूनचा पाऊस थेट मातीवर आदळतो. माती ओढ्यात येते, ओढ्यातून बंधाऱ्यात आणि धरणात. गोव्याच्या बाजूला अंजुणे धरण आणि दाबोसचा जलप्रकल्प, कर्नाटकाच्या बाजूला मलप्रभेचा जलाशय ही त्या मातीची शेवटची ठिकाणे. गाळाचा खर्च जलस्रोत खात्याच्या किंवा पाणीपुरवठ्याच्या लेखाशीर्षात येतो, तोही बऱ्याच वर्षांनी. त्याचे नाते कोणी वणव्याशी जोडत नाही. अमेरिकेतील डेन्व्हर शहराने ते जोडले, कारण त्याला पर्याय उरला नव्हता. १९९६ आणि २००२ च्या वणव्यांनंतर शहराच्या एका जलाशयात इतका गाळ आला, की जल मंडळाला गाळ काढणे आणि डोंगर सावरणे यांवर २ कोटी ७० लाख डॉलरहून अधिक खर्च करावा लागला. २०१० मध्ये मंडळाने वनखात्याशी करार करून पाणलोटातील रान सुरक्षित करण्यासाठी ३ कोटी ३० लाख डॉलरची योजना आखली आणि निम्मा भार स्वतः, म्हणजे पाणीपट्टी भरणाऱ्यांवर घेतला.

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. हिमाचलातील पालमपूर नगर परिषदेने त्याच वर्षी आपल्या बोहल झऱ्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या गावांच्या समितीशी करार केला आणि रान राखण्याबद्दल वर्षाला दहा हजार रुपये देऊ केले. रक्कम हास्यास्पद वाटेल. तिचे महत्त्व वेगळे आहे: पाणी पिणाऱ्या नगराने पाणी धरणाऱ्या गावाचे देणे आपल्या जमाखर्चात लिहिले. यात एक सावधगिरी हवी. आग विझवण्याचे पैसे देण्यास सुरुवात केली, तर आग लागणेच कोणाच्या तरी हिताचे होऊन बसेल. पैसा मे अखेरीस न जळलेल्या रानाबद्दल द्यावा लागेल, आणि न जळल्याची खातरजमा गाव व वनखाते यांनी मिळून करावी लागेल.

हुबळी-धारवाड असे करील काय? महानगरपालिकेला आपल्या हद्दीबाहेर, दुसऱ्या जिल्ह्यातील रानावर खर्च करण्याची सोय नाही. शहराला चोवीस तास पाणी देण्याच्या योजनेत जागतिक बँकेच्या कर्जातून नळ, मीटर आणि टाक्या आल्या. नळाचे दुसरे टोक कणकुंबीच्या झाडीत आहे हे त्या आराखड्यांच्या भाषेत बसणारे नव्हते. आणि या टोकाला गोव्याशी असलेला वाद येऊन भिडतो. म्हादई जलतंटा लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा देऊन तीन राज्यांत पाणी वाटले. कर्नाटकाच्या वाट्याला आलेल्या १३.४२ टीएमसीपैकी ३.९ टीएमसी कळसा-भांडुरामार्गे मलप्रभेत वळवायचे आहे, ते याच जुळ्या शहरांची तहान पुढे करून. केंद्रीय जल आयोगाने त्या प्रकल्प अहवालाला डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता दिली आणि अवघ्या तीन महिन्यांत सत्तरीचे डोंगर पेटले. दोन्ही राज्यांनी वकिलांवर वर्षानुवर्षे खर्च केला. पाण्याचा थेंब न् थेंब मोजला गेला, पण ते पाणी धरणाऱ्या डोंगराच्या राखणीचा खर्च कोणी किती उचलावा, याचे वाटप झाले नाही.

गोव्याने हा विषय काढावा, तर वरच्या खोऱ्यातील रानाचे श्रेय कर्नाटकाला दिल्यासारखे होईल आणि त्यातून पाण्यावरील हक्काचा युक्तिवाद बळावेल, अशी भीती पणजीत असणे स्वाभाविक आहे. कर्नाटकाने काढावा, तर कालव्यासाठी तोडावी लागणारी झाडेच आधी मोजावी लागतील. त्यामुळे दोघेही गप्प. केंद्राने २०२३ मध्ये स्थापन केलेल्या म्हादई ‘प्रवाह’ प्राधिकरणाचे मुख्यालय पणजीत आहे आणि तिन्ही राज्ये त्याच्या टेबलाशी बसतात. वणव्याच्या सूचनांची देवाणघेवाण आणि चोर्ला-कणकुंबी पट्ट्यातील जाळरेषांचा सामाईक खर्च हा विषय तेथे कोणाच्याही दाव्याला धक्का न लावता निघू शकतो. पाण्याच्या वाटपाहून तो कितीतरी सोपा आहे.

तोवर राज्याला स्वतःपुरते करता येण्याजोगे बरेच आहे. २४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई आणि परिसर तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित करण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या वादाचा निकाल काहीही लागो, रान आणि त्याच्या कडेची गावे तेथेच राहणार आहेत. वन निकषापोटी राज्याला मिळणाऱ्या केंद्रीय करांतील अंशाचा काही भाग वनक्षेत्राच्या प्रमाणात पंचायतींना देता येईल, आणि त्यातून मजुरी देण्यास मुभा ठेवता येईल. काजूच्या नुकसानीचा पंचनामा जमिनीच्या मालकीपासून वेगळा काढून, झाड कोण राखतो एवढ्यावर करता येईल. आग कळवणाऱ्यावर प्रथमदर्शनी संशय घेतला जाणार नाही, असे परिपत्रक वनखाते एका दिवसात काढू शकते. त्याला तर पैसाही लागत नाही.

गोव्याच्या पंचायत राज कायद्यानुसार ग्रामसभेच्या वर्षातील चार नियमित बैठकांपैकी एक जानेवारीत होते आणि एक एप्रिलमध्ये. एप्रिलच्या बैठकीला काजूच्या बागांतून धूर येत असतो आणि आरोपांना धार असते. जानेवारीच्या बैठकीत रस्ते, दिवे आणि गटारे यांचे ठराव येतात. सत्तरीच्या आणि सांग्याच्या पंचायतींत यंदा जाळरेषांचा ठराव कितीजण मांडतात, आणि त्यापुढच्या रकान्यात रक्कम लिहिण्याइतका पैसा त्यांच्याकडे असतो का, हे फेब्रुवारीपूर्वीच कळून येईल.